चेसिसवरची रेघ

पूलकाका गाड्यांचं पोट बघायचे. इंजिनाच्या भानगडीत ते पडत नसत आणि वरच्या रंगाच्या चकाकीशीही त्यांना देणंघेणं नव्हतं. गाडी लिफ्टवर चढवायची, खाली उभं राहून मान वर करायची आणि टॉर्चच्या उजेडात चेसिस बोटाबोटाने तपासायची. कुठे गंज धरलाय, कुठे धरणार आहे आणि त्यावर काय करायचं, एवढंच त्यांचं काम. त्याआधी सव्वीस वर्षं ते पुलांच्या तपासणी खात्यात होते, त्यावरूनच नाव पडलं. निवृत्तीनंतर घराच्या तळमजल्यावर त्यांनी हे वर्कशॉप काढलं. वर ते आणि त्यांची थोरली बहीण राहायचे. तिला सगळे अक्का म्हणत. अक्काला गाड्यांतलं काही कळत नसे, माणसांतलं मात्र सगळं कळे, म्हणून ती दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसायची. "तू खालून बघ, मी वरून बघते," म्हणायची.

एका मंगळवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आपली पिकअप घेऊन आल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, उन्हाने रापलेल्या, बुटांत पँट खोचलेल्या. मागच्या हौद्यात औषधांच्या पेट्या, दोर, लसींचा थंड डबा. दिवसाला पाच-सहा गोठे त्या एकट्याच फिरत. गाडी अकरा महिन्यांची होती.

"काका, एकच सांगा," त्या उतरता उतरताच म्हणाल्या, "ही गाडी मी समुद्रात घातली होती का?"

"म्हणजे?"

"कंपनीवाले तसं म्हणतात. गंजाची पाच वर्षांची हमी होती. त्यांनी खालून फोटो काढले आणि मलाच सांगितलं, बाई, खोटं बोलू नका, ही खाऱ्या पाण्यात उभी केलेली गाडी आहे. मी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, काका. फोटोत पाहिलाय, तेवढाच."

"समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर," अक्का दारातून म्हणाली. "एवढी सवड काढून गाडी बुडवायला कोण जाईल?"

पूलकाकांनी गाडी वर घेतली आणि टॉर्च लावला.

वरून नवरीसारखी गाडी खालून पंधरा वर्षं जुनी दिसत होती. चेसिसच्या पट्ट्यांवर पोपडे सुटले होते. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये गंज फुगून पाटे एकमेकांपासून फाकले होते. सायलेन्सरच्या नळीत बोट घातलं तर ते आरपार गेलं. पण काकांची नजर अडकली ती वेगळ्याच गोष्टीवर. गंज एका रेषेपाशी थांबला होता. दोन्ही बाजूंना, पुढे, मागे, सगळीकडे एकाच उंचीवर. रेघेखाली तांबडा चुरा, रेघेवर कारखान्यातला कोरा करकरीत रंग. काकांनी पाणसळ आणून लावली. बुडबुडा बरोबर मध्ये.

चिखल, ओला रस्ता, साचलेली माती यांचा गंज असा कधीच येत नाही. तो कोपरे धरतो, सांधे धरतो. अशी सरळ रेघ काकांनी फक्त खाडीवरच्या पुलांच्या खांबांवर पाहिली होती.

चेसिसच्या पोकळीतलं पाणी निथळायचं भोक बुजलं होतं. त्यांनी तार घालून ते मोकळं केलं तेव्हा आतून मूठभर बारीक पांढरी वाळू तळहातावर पडली. तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक शिंपला होता. काकांनी वाळू जिभेला लावली.

"खारट," ते म्हणाले. "डॉक्टर, तुमचं खरं आहे आणि त्यांचंही. ही गाडी खाऱ्या पाण्यात उभी होती. पण तुमच्या हातात यायच्या आधी. बंदराजवळच्या कुठल्यातरी आवारात पाणी भरलं असेल, आणि वरून पुसून तुमच्या गळ्यात मारली असेल."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा इतका सैल पडला की अक्काने उठून त्यांना पाणी दिलं. गंजाहून त्यांना ते "खोटं बोलू नका" जास्त लागलं होतं.

काकांनी तीन दिवस घेतले. दाबाच्या पाण्याने मीठ धुऊन काढलं, पोपडे वायर ब्रशने खरवडले, उरलेला गंज काळा करून बांधून टाकणारं औषध लावलं, त्यावर जस्ताचा प्रायमर, त्यावर जाड लेप. पोकळ्यांत लांब नळीने मेणाचं तेल फवारलं. पाटे आणि सायलेन्सर नवे बसवले. "दर आठवड्याला खालून साध्या पाण्याने धुवा आणि ही भोकं बुजू देऊ नका," त्यांनी बजावलं. "पाच वर्षं माझं तोंड बघायला लागणार नाही."

तेविसाव्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, गाडी पुन्हा दारात उभी होती.

लेप पापडासारखा सुटून लोंबत होता. खाली तांबडा चुरा. रेघ होती तशीच होती, फक्त बोटभर वर सरकली होती. भोकातून पुन्हा पांढरी वाळू पडली.

काकांनी आपल्या कामात काय चुकलं ते मनातल्या मनात पहिल्यापासून तपासलं. कामात चूक असती तर त्यांना बरंच वाटलं असतं.

"गाडी कुठे उभी करता?"

"घराला लागून शेड आहे. सिमेंटची, कोरडी. आणि दिवसा गोठ्यांपाशी." डॉक्टरीणबाईंनी जरा थांबून खिशातून वही काढली. "काका, हसणार नसाल तर दाखवते. गाडीखाली पाणी ठिबकतं. आधी वाटलं एसीचं असेल. पण एसी बंद असतानाही ठिबकतं. म्हणून वेळा लिहिल्या."

वहीत जनावरांच्या तापाच्या नोंदींखाली नीट अक्षरात लिहिलं होतं: सोमवार, अकरा दहा. मंगळवार, बारा. बुधवार, बारा पन्नास. आज, एक चाळीस. मागची पानंही तशीच होती. रोज पन्नास मिनिटं पुढे.

पूलकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सव्वीस वर्षं त्यांनी खांबांची तपासणी ओहोटीच्या वेळी केली होती. ती वेळ रोज किती पुढे सरकते हे त्यांना वहीत बघावं लागत नसे.

"अक्का," ते म्हणाले, "ही भरतीची वेळ आहे."

"समुद्र काय बसने येतो की काय?" अक्का म्हणाली. पण हसली नाही. थोड्या वेळाने पुटपुटली, "कुठेतरी पाणी मुरतंय."

गाडी वर्कशॉपमध्येच ठेवायची ठरली. हिशेबाने दुसऱ्या दिवशीची वेळ येत होती दुपारी अडीच. डॉक्टरीणबाई दोन वाजताच आल्या. काकांनी सकाळपासून फरशी पंख्याने वाळवली होती. गाडीखाली पांढरा कागद पसरला होता. चाकांवर आणि चेसिसवर जमिनीपासून दर दोन बोटांवर खडूच्या आडव्या रेघा मारल्या होत्या. मडगार्ड आणि टायर यांच्यामधलं अंतर मोजून भिंतीवर लिहिलं होतं. कामात काम म्हणून अक्काने चहा केला. तिघं स्टुलांवर बसून कोरड्या ठणठणीत गाडीकडे बघत राहिले.

"आपल्याला कुणी बघितलं तर काय म्हणेल?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मुलगी बघायला आलेत म्हणेल," अक्का म्हणाली, आणि तिघं हसले.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. समोरच्या दुकानाचा रेडिओ चालू होता. दोन सत्तावीसला काकांना वास आला. ओल्या दोराचा आणि शेवाळ्याचा. तो त्यांनी निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत घेतला नव्हता.

"तो कागद बघ," अक्का म्हणाली.

कागद कडेने काळपट होत होता. वरून थेंब पडत नव्हता. जमिनीवर ओघळ नव्हता. कागद नुसता भिजत चालला होता.

मग चाकावरची सर्वांत खालची खडूची रेघ गेली.

ती पुसली गेली नाही, विरघळली. काही क्षणांनी तिच्यावरची. मग तिच्यावरची. चारही चाकांवर एकदमच. गाडीभोवती हवा होती, नुसती हवा. पलीकडची भिंत, तिच्यावर टांगलेले पाने, सगळं लख्ख दिसत होतं.

काका उठले. गुडघे टेकून त्यांनी चेसिसखाली हात घातला.

हाडापर्यंत गार गेलं. हात घाईने बाहेर काढला तर मनगटापर्यंत ओला, आणि मनगटावर पाण्याची रेघ.

"ओढ आहे," ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. "आत ओढ आहे. दाराच्या बाजूला."

गाडी करकरली. पाटे ओझं उतरल्यासारखे बाकदार होऊ लागले. मडगार्ड आणि टायरमधलं अंतर बोटभर वाढलं, मग दोन बोटं. दोन टनांची गाडी उभ्या जागी किंचित डोलली, डावीकडे, मग उजवीकडे, दावणीच्या होडीसारखी.

डॉक्टरीणबाईही खाली बसल्या होत्या. त्यांनी हात घातला आणि तसाच ठेवला.

"काढा हात," काका म्हणाले.

"उबदार आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. खूप दिवसांनी कुणाचं पत्र यावं आणि अक्षर ओळखता येऊ नये, तशा त्या दिसत होत्या.

"बाई, उठ," अक्का जोरात म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत. डॉक्टरीणबाई उठल्या.

वीस मिनिटांनी गाडी हळूच खाली बसली. मग ठिबकायला लागली, सगळीकडून, साध्या धुतलेल्या गाडीसारखी. कागदावर पांढरी वाळू उरली होती.

संध्याकाळी काकांनी ठरवलं ते पुलाच्या माणसाला शोभेल असंच होतं. पाणी चेसिसपर्यंत चढतं, तर चेसिस पाण्याच्या वर न्यायची. त्यांनी गाडी लिफ्टवर डोक्याच्या उंचीला नेऊन ठेवली. डॉक्टरीणबाईंना गोठ्यांवर जावंच लागे. त्या शेजाऱ्यांची स्कूटर घेऊन गेल्या. शनिवारी तीन वीसला काका लिफ्टखाली उभे राहिले. गाडी कोरडी. फरशी कोरडी. वास नाही. रविवारी तेच, सोमवारी तेच. पाच दिवस त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. थेंब पडला नाही.

पण गाडी काही आयुष्यभर टांगून ठेवता येत नाही. काकांनी आपल्या जुन्या खात्याच्या शिस्तीत अहवाल लिहिला. लेपाची जाडी, गंजाची खोली, रेघेची उंची, मिठाचं प्रमाण, वाळू आणि शिंपला पिशवीत बंद करून सोबत. बाकीचं काही लिहिलं नाही. शेवटी एकच वाक्य घातलं: मालकिणीने ही गाडी समुद्रकिनारी नेलेली नाही, याची माझी खात्री आहे. कंपनीने महिनाभर टोलवाटोलवी केली आणि मग, बोभाटा नको म्हणून असेल, गाडी परत घेऊन नवी दिली. डॉक्टरीणबाई पेढ्यांऐवजी अक्कासाठी दुधाची किटली घेऊन आल्या. काकांनी नव्या गाडीला पहिल्याच दिवशी खालून पूर्ण लेप दिला.

चार महिन्यांनी ती तपासणीला आली. काकांनी गाडी वर घेतली, जाडी मोजायचं यंत्र जागोजागी टेकवलं. सगळीकडे आकडा लेप लावला तेव्हाचाच होता. भोकं मोकळी. वाळूचा कण नाही. पाट्यांवर कारखान्याचा शिक्काही स्पष्ट वाचता येत होता.

"वा!" ते म्हणाले. "अशी गाडी बघितली की जेवण गोड लागतं. गेली एकदाची पीडा. ती जुनी गाडीच तशी होती."

डॉक्टरीणबाई दाराशी अक्काजवळ उभ्या होत्या. जरा बारीक झाल्या होत्या, पण चेहरा तजेलदार दिसत होता.

"गाडी बिचारी चांगलीच होती, काका," त्या म्हणाल्या. "वेळ झाली की मी आता गाडी सोडून लांब चालत जाते. माळावर, कुठेही. म्हणून हिला काही होत नाही."

काकांचं यंत्र हातातच राहिलं. त्या पाच दिवसांत त्यांनी गाडी वर नेली होती, आणि डॉक्टरीणबाई इथे नव्हत्या. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे त्यांनी सव्वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं होतं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"ही गाडी आल्यापासून. सांगून तुम्हाला कशाला घोर लावायचा? पंधरावीस मिनिटांचा तर प्रश्न असतो."

"एकट्या जाऊ नका. आज मी येतो बरोबर."

"नको." त्या मायेने म्हणाल्या. "तुम्हाला तिथे काही दिसायचं नाही."

अक्काने त्यांचा हात धरला होता. तो सोडवून घेत त्यांनी किल्ली मागितली. काकांनी गाडी खाली घेतली, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना. किल्ली देताना ते एवढंच विचारू शकले, "कुठपर्यंत येतं?"

"सुरुवातीला गुडघ्यापर्यंत यायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग एखाद्या लहान मुलाची उंची दाखवावी तसा त्यांनी तळहात आडवा धरला, हनुवटीच्या जरासा खाली, आणि घड्याळ बघून घाईने निघाल्या.