एक वीसची गाडी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातलं अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. आणि हे घडलं भर दुपारी, लख्ख उन्हात.

माझे काका रेल्वेच्या ऑफिसात होते. रूळदुरुस्तीसाठी गाड्या कधी बंद ठेवायच्या, ते ठरवायचे. पूर्वी हा ब्लॉक रविवारी असायचा. मग लोक शुक्रवारी घरूनच काम करायला लागले आणि रविवारी गाड्या भरून जायला लागल्या. काकांनी ब्लॉक शुक्रवारी दुपारी टाकायचं ठरवलं.

फक्त एक अडचण होती.

स्टेशनांची गेटं प्रवासी मोजतात, त्या तक्त्यात काकांच्याच घराजवळच्या स्टेशनवर, एक वीसच्या गाडीला, दर शुक्रवारी... एक प्रवासी. चढलेले एक. उतरलेले, कुठल्याच स्टेशनवर, शून्य.

"अहो, यंत्र बिघडलं असेल. एका माणसासाठी काम अडवायचं का?" साहेब हसले.

काकांनी सही केली. तरी पहिल्या शुक्रवारी ते स्वतः स्टेशनवर गेले. बिचारं कुणी ताटकळत बसायला नको.

फलाटावर चिटपाखरू नव्हतं.

एक सतरा... गेट आपोआप उघडलं.

कुणीच नाही.

आणि गेट मिटेना. गुडघे दुखणारं कुणी सावकाश आत येईपर्यंत थांबावं, तसं थांबलं. मग मिटलं.

काकू अशीच हळू चालायची. दर शुक्रवारी याच गाडीने ऑफिसात यायची, दोघं एकत्र जेवायची. ती वारली त्याला दोन वर्षं झाली होती. तरी शुक्रवारी जेवताना काकांना एकटं वाटायचं नाही. का, ते त्यांना आत्ता कळलं.

"अगं... आज गाडी नाहीये," ते कसंबसं म्हणाले. "मीच बंद केलीय."



थोड्या वेळाने गेट पुन्हा उघडलं... सावकाश मिटलं.

तीन महिन्यांनी काम संपलं, गाडी सुरू झाली. तक्त्यात शून्य. पुढेही शून्यच. शुक्रवारी काका डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. निवृत्त झाल्यावर ते स्वतःच दर शुक्रवारी त्या गाडीने जायला लागले. "चुकून आली तर?" म्हणायचे. आम्ही हसायचो. आता त्याची लाज वाटते.

त्यांच्या खुर्चीवर हल्ली मी बसते. तक्त्यात दर शुक्रवारी एकच प्रवासी दिसायचा. ते काका, हे मला ठाऊक असायचं.

काका गेल्या महिन्यात वारले.

काल पुन्हा शुक्रवारच्या ब्लॉकचा कागद टेबलावर आला. मी तक्ता उघडला. एक वीसची गाडी... चढलेले एक.

उतरलेले शून्य.

साहेब दोनदा विचारून गेलेत. मी अजून सही केलेली नाही.