कमरेला काय लावायचं?

सुप्रभाताईंना एक पान हवं होतं. झाडाचं नव्हे, दगडात उमटलेलं! उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावर आज नुसता बर्फ आणि खडक, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे दाट जंगल होतं. त्या जंगलाचं एक तरी पान स्वतःच्या हाताने उचलायचं आणि लीड्सच्या रविवारच्या मराठी वर्गातल्या मुलांपुढे ठेवायचं, हे त्यांनी कधीचं मनात धरलं होतं. हॉस्पिटलातून त्या निवृत्त झाल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये ठरलं होतं, त्यानंतर चढउतार बंद. म्हणजे डोंगर चढायचा तर २००५च्या याच उन्हाळ्यात!

बरोबर येणार होते धाकटा भाऊ अंबरीश, मेडनहेडचा कॉम्प्युटर इंजिनियर, आणि त्याची मुलगी तनिषा, बर्मिंगहॅमला युनिव्हर्सिटीत शिकणारी. ताईंच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरला आणि लगेच वाद पेटला. त्या बेटावर पांढरी अस्वलं मोकळी फिरतात. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर जवळ हत्यार हवंच.

"रिव्हॉल्व्हर!" अंबरीश म्हणाला. "कमरेला लावायचं. अस्वल आलं की धाड!"

"अंबू, तू आयुष्यात फक्त माउस चालवलायस."

"आणि बाबा, यूकेमध्ये हँडगन इल्लीगल आहे," तनिषा म्हणाली. "प्रॅक्टिस कुठे करणार? सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये?"

बेटावर पोचल्यावर तिथल्या नेमबाजीच्या मैदानात प्रशिक्षकाने अंबरीशच्या हातात खरंच एक रिव्हॉल्व्हर दिलं. धाड! हात उडाला, कान बधिर झाले आणि समोरचं पुठ्ठ्याचं अस्वल जसंच्या तसं उभं राहिलं. सगळ्या गोळ्या आभाळात!

"हे तर उभं आहे," ताई हसून म्हणाल्या. "खरं अस्वल धावत येतं."

मग ठरलं. रायफल ताईंकडे, कारण यॉर्कशायरच्या क्लबात त्या वर्षानुवर्षं नेमबाजी करत होत्या. पण ती अगदी शेवटचा उपाय. अंबरीशच्या कमरेला सिग्नल पिस्तूल. त्यातून गोळी नाही, मोठ्या आवाजाचा बार सुटतो आणि अस्वल बिचकून पळतं. एका वेळी एकच बार, मग पुन्हा भरायचं. तिघांनी ते उडवून पाहिलं.

"आता सांगा," ताईंनी विचारलं, "बार अस्वलाच्या मागे फुटला, तर ते कुठे पळेल?"

"पुढे," तनिषा म्हणाली.

"पुढे कोण आहे?"

"ओ शिट. आपण!"

"शाब्बास. म्हणून बार नेहमी आपल्या आणि अस्वलाच्या मध्ये, जमिनीवर टाकायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीवाल्याने त्यांना एका निर्जन खाडीत उतरवलं आणि संध्याकाळी न्यायला येतो म्हणून सांगितलं. गुडघाभर पाण्याचा ओढा लागला. तो हात धरून ओलांडला. मग सुट्या दगडांची घसरडी चढण आली. ताईंचा गुडघा ठणकत होता, तरी त्या थांबल्या नाहीत. दुपारी समोर काळसर कडा दिसला. त्याच्या पायथ्याशी पानांचे दगड विखुरलेले असतात, असं होडीवाल्याने नकाशावर खूण करून सांगितलं होतं. आता फक्त एक पठार उरलं होतं! सगळीकडे कोवळं ऊन पसरलं होतं. कापसाच्या बोंडांसारखी पांढरी फुलं वाऱ्यावर डुलत होती.

ते जरा टेकले. ताईंनी बिस्किटं काढली. अंबरीशने मात्र जॅकेटच्या खिशातून एक डबी काढून उघडली. त्याबरोबर असा वास सुटला की तनिषाने नाकच धरलं.

"सुक्या बोंबलाची चटणी!" ताई ओरडल्या. "अंबू, वासाचं काही आणायचं नाही म्हटलं होतं ना?"

"ताई, आल्यापासून पाकिटातला पास्ता खातोय. जीव जाईल माझा!"

वारा कड्याच्या दिशेने वाहत होता.

"आत्या," तनिषा हळूच म्हणाली, "तो दगड चालतोय."

तो दगड नव्हता. पिवळसर पांढरं, प्रचंड मोठं अस्वल नाक वर करून, हुंगत, सरळ त्यांच्याकडे येत होतं!

"डबी बंद कर! उभे राहा. एकत्र. पळायचं नाही!"

ताईंनी रायफल खांद्याला लावली. अंबरीशने पिस्तूल उपसलं, अस्वलावर रोखलं आणि घोडा ओढला. बार अस्वलाच्या डोक्यावरून गेला आणि त्याच्या मागे फुटला. धडाम!

अस्वल दचकलं. आणि पुढे धावलं!

अंबरीशने घाईघाईत खिशात हात घातला. नवं काडतूस गवतात पडलं. तनिषाने ते उचललं. पिस्तूल घेतलं. भरलं. ताईंचं बोट रायफलच्या घोड्यावर होतं.

"जमिनीवर, तनू. मध्ये."

धडाम! अस्वलाच्या नाकासमोर ठिणग्या आणि धूर! ते जागच्या जागी थबकलं, गर्रकन वळलं आणि पठार ओलांडून पळालं. थेट कड्याच्या पायथ्याशी जाऊन ते थांबलं, दोनदा गोल फिरलं आणि आडवं झालं.

तनिषाने पिस्तूल बाबांच्या हातात परत दिलं.

"ताई, चूक माझी," अंबरीश म्हणाला. "अजून बार आहेत. जवळ जाऊन आणखी दोन उडवू. उठेल ते. तुझं पान तिथेच आहे गं!"

ताईंनी कड्याकडे पाहिलं. मग रायफलमधली गोळी काढून पट्ट्यात ठेवली.

"ते आपल्याकडे आलं तर बार उडवायचा, अंबू. आपण त्याच्याकडे जायला नाही."

"पण आत्या, क्लासच्या मुलांना काय दाखवणार?"

"पान कुठे आहे ते सांगेन. त्यांचे गुडघे चांगले आहेत."

होडी किनारा सोडून निघाली, तेव्हाही ऊन होतंच. ताई पाय लांब करून निवांत बसल्या होत्या. कितीतरी वेळ दुर्बिणीतून बघून त्यांनी ती तनिषाकडे दिली.

"बघ, कसं झोपलंय पोट वर करून! अगदी तुझ्या बाबासारखं."

"घोरत पण असेल," तनिषा म्हणाली, आणि अंबरीशसकट सगळे हसले.