ओठांवरचा थर

जुन्या देवळांतील शिल्पे स्वच्छ करण्याचे काम आम्ही दोघे भाऊबहीण तीस वर्षे करीत होतो. दगडाला हात लावी ती ताई. मी छायाचित्रे काढी, मोजमापे घेई आणि टिपणे लिहून ठेवी. त्यामुळे त्या मंदिरातून बोलावणे आले तेव्हा त्यात काही विशेष वाटले नाही. काड्या, कापूस, मऊ कुंचले, दिवे आणि दोन चिनीमातीचे वाडगे अशी नेहमीची बांधाबांध झाली, आणि एका सकाळी आम्ही निघालो.

पुढचे नीट कळावे म्हणून आमच्या कामातील एक रीत आधी सांगायला हवी. ती ऐकली की लोक प्रथम हसतात आणि मग नाक मुरडतात. नाजूक कोरीव कामावरचा चिवट मळ काढण्यासाठी सर्वांत भरवशाचे द्रव्य बाटलीत मिळत नाही. ते माणसाच्या तोंडात असते. तीव्र द्रावणे दगडाची कातडी सोलतात, नुसत्या पाण्याला मळ दाद देत नाही. लाळ कोमट असते, सौम्य असते; मळ ती जणू पचवून सैल करते. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, दगडावर अलगद फिरवायचा आणि काडी टाकून द्यायची. वापरलेली काडी पुन्हा तोंडात जाता कामा नये, एवढाच काय तो नियम. म्हणून कोऱ्या काड्यांचा वाडगा नेहमी डावीकडे आणि वापरलेल्यांचा उजवीकडे. ताईच्या हाताला हा क्रम इतका मुरला होता की ती वाडग्यांकडे पाहतही नसे.

मंदिर वस्तीपासून दूर, एका सोडून दिलेल्या खाणीच्या काठावर होते. बाहेरच्या भिंतींवर वादक, नर्तकी, योद्धे, हत्तींच्या रांगा. इतके सजीव काम की पाहणाऱ्याचा पाय निघू नये. ते सारे वाऱ्यापावसाने धुतलेले होते. आमचे काम आत होते. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात, मागच्या भिंतीतल्या एका कोनाड्यात, पुरुषभर उंचीची एक स्त्रीमूर्ती उभी होती. कमरेचा बाक, बांगड्यांच्या कडा, बोटांची नखे, सारे कालच घडवल्यासारखे. उजवा हात तिने हनुवटीखाली धरला होता, तळवा वर करून, काहीतरी झेलावे तसा. चेहरा मात्र नव्हता. म्हणजे असावा, पण नाकापासून हनुवटीपर्यंत पिवळट तपकिरी रंगाचा जाड थर चढला होता. वर्षानुवर्षे न घासलेल्या दातांवर जे कीट साचते, त्याची मूठभर ढेप कल्पावी.

त्या ढेपेला वास होता. उपाशी माणसाच्या तोंडाला सकाळी येतो तो.

मंदिराचा म्हातारा रखवालदार आमच्यामागे कंदील धरून उभा होता. तो म्हणाला, "बाई, बाकीचं सगळं पुसा. हिचं तोंड तेवढं राहू द्या."

"का हो, चावते की काय?" ताईने हसून विचारले.

"चावेल कशी, दगड आहे."

"मग? तुमच्या मंदिराच्या व्यवस्थापकांनी तर तोंडासाठीच बोलावलंय आम्हाला. हे तेल कोण फासतं हिला?"

"कुणी नाही." त्याने कंदील किंचित खाली घेतला. "वीस वर्षं मी इथं आहे. कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. तरी वाढतं ते..."

तो गेल्यावर ताई मला म्हणाली, "वाढतं म्हणे! धाकट्या, वटवाघळांची कृपा आहे ही सगळी. तू तुझं नाक बांध आणि दिवा धर."

पहिले दोन दिवस काम शिस्तीत चालले. ताई उंच स्टुलावर बसे, डावीकडून काडी घेई, ओठांत धरी, थरावर फिरवी, उजवीकडे टाकी. कापूस तपकिरी होऊन येई आणि मूर्तीपासून दूर नेताना त्याला बारीक तार सुटे. इतकी वर्षे वाळलेल्या मळाला तार सुटावी, याचे मला नवल वाटले होते. उजवा वाडगा भरला की तो बाहेर नेऊन रिकामा करणे माझ्याकडे होते; तो मी हात लांब धरूनच नेई. दुसऱ्या संध्याकाळी वरच्या ओठाची कड उघडी पडली. ती इतकी रेखीव होती की ताईने बराच वेळ कापसाला हातच लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला खालच्या बाजूने छायाचित्र हवे होते.

"सरक जरा," मी म्हणालो.

"आणखी कुठं सरकू? तिच्या खांद्यावर बसू?"

ती उठली. वाडगे मध्ये येत होते, म्हणून मी ते उचलून बाजूला ठेवले. छायाचित्र झाल्यावर पुन्हा जागेवर मांडले. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे.

ही चूक माझी. इतरांना मी हे वेगळ्या रीतीने सांगितले आहे. येथे खरे तेच सांगतो.

ताईने न पाहता हात डावीकडे नेला, काडी उचलली आणि तोंडात घातली. मग ती थांबली. तिचे डोळे विस्फारले. मला वाटले, आता ही थुंकणार, मला चार शिव्या घालणार. तिच्या गळ्याची घाटी एकदा वर आली आणि खाली गेली.

"ताई! थुंक ना!"

"गिळलं गेलं रे... आपोआप."

मी धावत पाण्याची बाटली आणली. तिने चुळा भरल्या. चौथी चूळ टाकून ती अगदी हलक्या आवाजात, जणू मूर्तीला ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणाली, "तुला सांगू? वाईट नव्हतं."

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी उठली तेव्हा तिचे ओठ फुटले होते. तोंडाला कोरड पडली आहे म्हणाली. पाणी पुढे केले तर तिने मान फिरवली. मी काम थांबवू या म्हटले. "अर्धं तोंड उघडं टाकून जायचं? लोक काय म्हणतील, मध्येच हात टेकले?" तिचे म्हणणे नेहमीसारखेच होते, पण बोलताना जीभ टाळूला चिकटून टक् टक् असा आवाज होत होता.

कोनाड्यात मात्र कोरडेपणा नव्हता. मूर्तीचा वरचा ओठ ओला होता.

दगडाला दमटपणा येतो, हे मला ठाऊक आहे. तो पसरतो, भिंतीभर चढतो; एकाच ओठावर बसत नाही. मी दिवा जवळ नेला. ओल ओठाच्या मधोमध जमली होती आणि तिचा एक थेंब हनुवटीवरून ओघळून खालच्या दगडी तळव्यात पडला होता. त्या तळव्याचा उपयोग मला तेव्हा कळला, आणि मी ताईला त्याबद्दल काही बोललो नाही.

पाचव्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. उजवा वाडगा दुपारपर्यंत रिकामाच होता. ताई सकाळपासून एकच काडी वापरीत होती.

"दे इकडे ती," मी म्हणालो.

तिने काडी मुठीत लपवली. ही माझी थोरली बहीण. आई गेल्यावर जिने मला मोठे केले, ती खाऊ लपवणाऱ्या मुलीसारखी माझ्याकडे तिरके पाहत होती. मी जबरदस्तीने तिला आमच्या मुक्कामाच्या खोलीवर नेले. थराचा एक तुकडा आधीच माझ्या एका वर्गमित्राकडे, रसायनाच्या प्रयोगशाळेत, तपासायला पाठवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला झोप लागलेली पाहून मी औषध आणायला गावात गेलो. तेथे त्याचा फोन आला.

"काय पाठवलंस रे हे?"

"दगडावरचा मळ. का?"

"मळ नाही हा. लाळ आहे. माणसाची. वाळलेली, थरावर थर..."

"ताई लाळेनंच पुसते. तिची लागली असेल."

"वरची एक पुसट रेघ असेल तिची. बाकीचं तिचं नाही. एका कुणाचंच नाही ते. मी ऐंशी थर मोजले आणि सोडून दिलं. तुम्ही पुसताय म्हणतोस ना? मला तर हे पाहून वाटतं, पुसत कुणीच नव्हतं. भरवत होते."

मी खोलीवर पोहोचलो तेव्हा दार सताड उघडे होते.

मंदिरापर्यंतची वाट मी कशी तुडवली ते आठवत नाही. भर दुपार होती. बाहेरच्या भिंतींवर ऊन पडले होते आणि दगडी नर्तकी त्यात न्हाऊन निघाल्या होत्या. दाराशी रखवालदार बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो आपल्या पायांच्या बोटांकडे पाहत राहिला. आत शिरताच डोळ्यांपुढे अंधार आला, आणि दिसण्याआधी ऐकू आले. मांजर बशीतले दूध पिते तो आवाज. संथ, एका लयीत, घाई नसलेला.

ताई स्टूल बाजूला सारून उभी होती. दोन्ही हातांनी तिने मूर्तीची मान कवटाळली होती. काडी नव्हती, कापूस नव्हता. आता कशाचीच गरज उरली नव्हती.

"ताई..."

तिचा एक डोळा माझ्याकडे वळला. तोंड दगडापासून न हलवता ती पुटपुटली, "थांब रे... एवढं झालं की येते..."

मी तिच्या कमरेला विळखा घालून मागे ओढले. ओले फडके टरकावे तसा आवाज झाला. मूर्तीच्या खालच्या ओठावर काहीतरी गुलाबी चिकटून राहिले होते. मी ते एकदाच पाहिले. चेहरा पूर्ण स्वच्छ झाला होता. फार सुंदर चेहरा होता तो. शिल्पकाराने ओठ मिटलेले घडवले होते, याचा पुरावा पाचव्या दिवसाच्या माझ्या छायाचित्रांत आहे. आता त्या ओठांमध्ये तांदळाचा दाणा जाईल एवढी फट होती, आणि त्या फटीतून ताईच्या तोंडापर्यंत एक चिकट तार लोंबत होती. मी ताईला दोन पावले मागे नेले, चार नेले. तार ताणली गेली, बारीक झाली, तुटली नाही. शेवटी मी ती हाताने तोडली. ती कोमट होती. तिने माझ्या बोटांना एकदा वेढा घातला, असे मला वाटले. नक्की तसेच झाले, असे मी म्हणणार नाही.

या गोष्टीला चार महिने झाले. ताई माझ्या घरी आहे. डॉक्टर सांगतात की तिच्या तोंडातील लाळेच्या ग्रंथी बंद पडल्या आहेत, जिभेचे टोक भरून येईल, धीर धरा. ती बोलत नाही. सारा दिवस पाठीवर पडून असते. कापसाच्या काडीने तिचे ओठ आणि जीभ मी दर तासाला ओली करतो, नाहीतर ती भेगाळून रक्त येते. हे काम मला किळसवाणे वाटते. वाटू नये, पण वाटते. ती जगावी एवढीच माझी इच्छा आहे, आणि तिच्या तोंडावर वाकताना मी श्वास रोखून धरतो.

काल दुपारी काडीवरचा कापूस सुटून तिच्या तोंडात राहिला. श्वासनळीत अडकेल या भीतीने मी काडी टाकली आणि तर्जनी आत घातली. जीभ बोटाखाली लागली. लाकडाच्या सालीसारखी कोरडी, निश्चल. कापूस तिच्या मागे असणार म्हणून बोट पुढे नेले. घसा लागायला हवा होता. तो लागला नाही. मी आणखी पुढे नेले. माझी मूठ तिच्या दातांशी टेकली तरी बोटाच्या टोकाला भिंत लागेना. तेथे नुसता गारवा होता, बंद जागेत असतो तसा.

"ताई," मी म्हणालो, "आ कर... आणखी थोडा."

तिने आ केला. आणि आत, फार आत, कशाने तरी माझे बोट चाटले. मुळापासून नखापर्यंत. संथ, घाई न करता. त्या सबंध वेळात तिची जीभ माझ्या बोटाखाली तशीच कोरडी पडून होती.

मी हात बाहेर ओढून घेतला आणि खिडकीपाशी नेला. छायाचित्रे धुण्याच्या रसायनाने माझी बोटे तरुणपणापासून काळवंडलेली आहेत. कशानेही न निघणारे ते डाग. तर्जनीवर आता एकही डाग नव्हता. कालच घडवल्यासारखी ती स्वच्छ झाली होती, नखाची कड आणि पेरांवरची एकेक रेघ वेगळी दिसत होती.

ताईने मान वळवली. चार महिन्यांत प्रथमच. तिने त्या बोटाकडे निरखून पाहिले, आणि मग उरलेल्या हाताकडे.