उमरच्या नावाचा दगड

सातपुड्यातली बंजारा तांड्यांची जुनी वाट एकदा चालायचीच, असं अर्शीनं आणि तिच्या जुळ्या भावानं, उमरनं, कॉलेजपासून ठरवलं होतं. ऐन वेळी पठ्ठ्या गाडीवरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये घालून सावद्याच्या घरी पलंगाला खिळला. अर्शी मग मैत्रिणीला, रिद्धीला, घेऊन निघाली. पाठीवरच्या सॅकपेक्षा उत्साहच जास्त होता म्हणा ना! केळीच्या बागा खाली राहिल्या, सागाचं जंगल लागलं आणि जुन्या फरसबंदीवर पाय पडताच ती आनंदानं ओरडलीच.

खिंडीत दगडांची मोठी रास होती. रिद्धीचे पूर्वज राजस्थानातून याच वाटेनं उतरलेले.

"खिंड ओलांडताना प्रत्येकानं आपला एक दगड ठेवायचा," ती म्हणाली. "त्यावरून तांड्यातली माणसं मोजायचे. ज्याचा दगड, तो सोबत. त्याला टाकून जायचं नाही."

दोघींनी दगड ठेवले. मग अर्शीनं एक पांढराशुभ्र उचलला. "हा आमच्या उमरचा! येऊ दे बिचाऱ्याला."

"अगं, जो चालत नाही त्याचा नसतो ठेवायचा..." रिद्धी म्हणेपर्यंत दगड राशीवर बसलासुद्धा.

उन्हं कलली. उतारावर पाचोळा वाजत होता. दोघी थांबल्या, तरी तो वाजतच राहिला... खर्र, टक. खर्र, टक. मागून कुणीतरी एक पाय ओढत येत होतं. दवाखान्यासारखा वास आला. अर्शीनं घरी फोन लावला.

"झोपलाय गं तो," अम्मी म्हणाली. "पण झोपेत सारखा पाय हलवतोय, चालल्यासारखा. प्लास्टरला तडा गेलाय बघ."

अर्शी जिवाच्या आकांतानं खिंडीकडे पळाली, मागोमाग रिद्धी. वाटेत कुणीच नव्हतं, तरी पाचोळा वाजतच होता. तिनं तो पांढरा दगड उपसला आणि सगळा जोर लावून दरीत भिरकावला. पाचोळा गप्प झाला. सुटलो! तिनं रिद्धीला घट्ट मिठी मारली, हसता हसता रडूच आलं तिला.

फोन वाजला.

"बेटा, पाय थांबला त्याचा..." अम्मीचा आवाज कापत होता. "पण उमर उठत नाहीये गं. कधीची हाका मारतेय..."

आणि खाली, दगड पडला होता तिथून, उमरनं ओ दिली.

"अम्मी... इथं फार अंधार आहे."