एका जखमेच्या शब्दासाठी

“हात स्थिर ठेवा,” डॉक्टर म्हणाले.

“मी ठेवलाय. तुमची सुई हलतेय!”

खरं तर थरथरत मीच होते... दुखण्यानं नव्हे, संतापानं. माझ्या उजव्या तळहातावर करंगळीपासून मनगटापर्यंत चीर पडली होती, आणि अपघात विभागातला हा अनोळखी माणूस तो हात हातात घेऊन शांतपणे टाके घालत होता.

“एवढं खोल कापलं कशानं?”

“एका दीडशहाण्यामुळे!” मी म्हटलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

मी शब्दकोशाच्या कार्यालयात काम करते. इंग्रजी शब्द, त्याचा आपल्या भाषेतला अर्थ, त्याचं मूळ. ‘जी’ अक्षर माझ्याकडे आहे. दोन वर्षं मी त्या अक्षराशीच संसार करतेय, असं वहिनी म्हणते. त्यातच आला ‘गॅश’. म्हणजे खोल, लांब जखम.

“पण मूळ ऐका ना! जुन्या फ्रेंचमध्ये ‘गार्सेर’ म्हणजे फासण्या टाकणं. वाईट रक्त निघून जावं म्हणून कातडीला मुद्दाम चिरा द्यायच्या. म्हणजे जखम नाही, उपचार! त्याच्याही मागे बहुधा ग्रीक क्रियापद आहे, कोरणं. त्यातूनच ‘कॅरेक्टर’ आला. म्हणजे जखम आणि स्वभाव चुलत भावंडं! सहा महिने खपून मी ही ओळ लिहिली. आणि आमचे वैद्यकीय सल्लागार... तोंड कधी पाहिलं नाही, शब्दांची कार्डं टपालानं जातात, टपालानं येतात... त्यांनी तांबड्या शाईनं ती सरळ उडवली! शेरा काय, तर ‘डॉक्टर जखमा करत नाहीत.’ ते वाचलं आणि पुढच्या गठ्ठ्याची दोरी कापायला घेतलेलं पातं हातातच घुसलं.”

सुई थांबली होती.

“परवा दुपारी पान छपाईला जाणार,” मी म्हटलं. “एकदा छापलं की पुढची वीस वर्षं तेच.”

त्यांनी शेवटची गाठ मारली. कात्री माझ्यापासून जरा लांब ठेवली.

“तो दीडशहाणा... मीच.”

आमच्या संपादकसाहेबांचा नियम असा, की ज्यानं ओळ खोडली त्यानंच ती कार्यालयात येऊन स्वतःच्या हातानं परत लिहायची. फोन चालत नाही, चिठ्ठी चालत नाही. म्हणजे मी आता याच माणसापुढे नाक मुठीत धरायचं? मुळीच नाही! “टाके काढायला मी दुसऱ्या कुणाकडे जाईन,” असं ठणकावून मी निघून आले.

“टाके किती?” घरी वहिनीनं विचारलं.

“सात.”

“आणि डोळे कसे होते त्याचे?”

“वहिनी!”

तपकिरी होते. ते मी पाहून ठेवले होते, याचाच मला जास्त राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता डॉक्टर माझ्या टेबलासमोर उभे. केस ओले, काखेत जाडजूड पुस्तक.

“काल ग्रंथालयात बसून सगळं वाचलं. तुमचं बरोबर आहे. माझं साफ चुकलं.”

“चूक कळायला दोन दिवस लागतात?”

“पहिला दिवस तुमची भीती वाटण्यात गेला.”

मी हसले नाही. अगदी कष्टानं हसले नाही. कोरं कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं आणि मी ओळ सांगू लागले. ते लिहू लागले.

“हे अक्षर आहे की मुंग्यांची वरात? छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी हे वाचणार कसं? पुन्हा लिहा!”

तीन कार्डं वाया गेली. चौथ्यावर त्यांनी पहिलीतल्या मुलासारखं, ओठ दाताखाली धरून, एकेक अक्षर काढलं. खाली सही केली. माझी ओळ परत आली होती. पण ते उठले नाहीत.

“तो शेरा मी लिहिला कारण... कारण तसं मानलं की बरं वाटतं. रोज माणसं कापतो मी. बरं करण्यासाठीच, पण कापतोच. तुम्ही ते तोंडावर सांगितलंत.” ते माझ्या पट्टीकडे पाहत राहिले. “दोन दिवस तुमचं भांडणच कानात आहे. मला तुम्ही आवडता. फार.”

शेजारच्या टेबलांवरची सगळी खुडबुड थांबली.

“मला अजून राग आहे,” मी म्हटलं. “उद्याही असणार आहे. सहा महिन्यांची मेहनत एका फटकाऱ्यात खोडलीत तुम्ही!”

“हो.” त्यांनी मान खाली घातली, पुस्तक उचललं आणि दाराकडे वळले.

“अहो, निघालात कुठे? आवडता तुम्ही मलाही! पण माझं भांडण अजून अर्ध्यावर आहे. सहाला सुटते मी. फाटकाशी थांबा, उरलेलं ऐकून घ्यायला.”