व्हेल्दानचं पान

आम्ही दोघांनी एकाच घड्याळाला हात घातला, आणि दोघांनीही तो एकदमच मागे घेतला.

रविवारचा जुन्या सामानाचा बाजार होता. विक्रेत्याने चादरीवर कुलपं, चष्मे, पेनं मांडली होती आणि एका पत्र्याच्या डब्यात बंद पडलेली मनगटी घड्याळं.

"घ्या ना," दुसऱ्या हाताचा मालक, माझ्या शेजारी वाकलेला तरुण, म्हणाला.

"नको, तुम्हीच घ्या. मला अख्खं नकोच आहे. त्याचं फक्त वरचं बटण हवंय."

त्याने असं बघितलं, जणू मी एखाद्या झोपलेल्या माणसाचं बोट मागितलं होतं.

"आमचं दुरुस्तीचं दुकान आहे," मी म्हटलं. "एक गिऱ्हाईक तीन महिने त्या बटणासाठी थांबलंय."

"पण हे... हे बहुधा या कंपनीचं उरलेलं एकुलतं एक घड्याळ असेल."

"आणि बहुधा नसेलही."

तो हसला. माझ्याकडे बघून नाही, डब्याकडे बघून. मग म्हणाला, "तसलंच एक सुटं बटण आहे माझ्याकडे. गुरुवारी आणून दिलं तर चालेल? हे मात्र असंच राहू द्या."

गुरुवारी शाळा सुटल्यावर तो आला. गणित शिकवायचा. बटण कागदाच्या सात घड्यांत गुंडाळलेलं होतं. मी बसवलं, दाबलं, सेकंदाचा लांब काटा सुटला आणि पुन्हा दाबल्यावर थांबला. आम्ही दोघंही उगाचच श्वास रोखून बसलो होतो.

त्यानंतर तो दर गुरुवारी येत राहिला.

क्रोनोग्राफ म्हणजे आतच स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. एके काळी ती करणाऱ्या लहान लहान कंपन्या शेकड्यांनी होत्या. मशीन एका कारखान्याचं, बाहेरची धातूची केस दुसऱ्याची, आणि डायलवर आपलं नाव. कंपन्या बुडाल्या, कागद जळाले, नावं तेवढी डायलवर राहिली. कुठल्या नावामागे कुठलं मशीन होतं हे शोधून तो एका जाड वहीत लिहायचा. प्रत्येक नावाला एक पान. तो घड्याळ आणायचा, मी उघडायची, तो भिंगातून बघून लिहायचा. पानाच्या शेवटी नेहमी एकच शब्द असायचा, 'बहुधा'. बाबांनी त्याचं नावच ते पाडलं.

"पोरी, तुझा बहुधा आला बघ," ते आतून ओरडायचे. त्याला ऐकू जायचं. त्याचे कान लाल व्हायचे आणि मी पाठ फिरवून चिमटा शोधायची... हातात असलेलाच.

"एवढं बघून अजून बहुधाच?" मी एकदा चिडवलं.

"मशीन बदललेलं असू शकतं. डायल दुसऱ्याची असू शकते."

"माणसांच्या बाबतीतही तुम्ही असंच करता?"

"माणसं उघडून बघता येत नाहीत ना," तो म्हणाला. आणि त्याच्या पेनातून एक मोठा डाग वहीवर पडला.

वहीचं शेवटचं पान कोरं होतं. वर फक्त नाव, व्हेल्दान. दोन भावांची कंपनी, चारच वर्षं चाललेली. एका जुन्या यादीत डायलचं अंगठ्याएवढं चित्र, बाकी काही नाही.

"हे पान भरलं," तो एका गुरुवारी म्हणाला, "की मला तुम्हाला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा."

"हातात काम अर्धवट असलं की मला... धड बोलता येत नाही."

दोन वर्षं गेली. व्हेल्दान सापडलं नाही. मावशीने एक स्थळ आणलं, मग दुसरं. "तो वहीवाला विचारणार आहे की नाही एकदाचं?" ती म्हणायची. "का त्याला तुलाही भिंगातून बघायचंय?" बाबा हसायचे, पण हल्ली जरा कमी. दुसऱ्या स्थळाकडून मावशीने महिन्याची मुदत मागून घेतली होती.

आणि त्याच महिन्यात एका मेलेल्या कारागिराच्या सामानात मला व्हेल्दानची डायल मिळाली. नुसती डायल. पिवळसर पडलेली, अक्षरं तीच. मशीन नाही, केस नाही.

डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात. ते मशीनच्या भोकांत बसतात. ते पाय कुठे आहेत त्यावरून डायल कुठल्या मशीनची ते सांगता येतं. मी तशीच ती त्याच्या हातावर ठेवली असती, तर त्याने मोजून मापून अर्धं पान लिहिलं असतं. पण तो अर्ध्या पुराव्यावर बोलणारा नव्हता. तो म्हणाला असता, आता अख्खं शोधू. आणखी दोन वर्षं.

आमच्या खणात डायल नसलेलं एक क्रोनोग्राफ पडलं होतं. छोट्या काट्यांची जागा बरोबर डायलवरच्या छोट्या गोलांत येत होती. फक्त पाय जुळत नव्हते. मी ते कापले, खुणा घासून साफ केल्या, आणि दोन थेंब डिंकावर डायल चिकटवली. हात एकदाही थरथरला नाही. हे आठवलं की मला आजही माझ्या हातांची भीती वाटते.

गुरुवारी मी ते त्याच्या पुढ्यात ठेवलं. तो उभाच राहिला. मग खुर्ची न बघताच बसला.

"उघडू?" मी विचारलं.

"तुम्ही उघडून पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग मी कशाला बघू?"

डायलखाली न बघता त्याने मागचं झाकण तेवढं काढलं, दिसलेलं मशीन वहीत लिहिलं, आणि खाली फक्त पूर्णविराम दिला. शेवटचा शब्द लिहिलाच नाही. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मला वाटलं होतं मला आनंद होईल.

पुढच्या गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाबा चहाला बाहेर गेले होते. बहुधा मुद्दामच.

"वही छापायला देतोय," तो म्हणाला. "यापुढे कुणाला व्हेल्दान सापडलं, तर तो माझ्या पानाशी ताडून बघेल." मग हात टेबलावर ठेवले, माझ्या हातांपासून चार बोटांवर. "आणि... मला तुमच्याशी लग्न करायचंय. दोन वर्षं हेच विचारायचं होतं. तुम्हाला चालेल का?"

दोन वर्षं मी याचं उत्तर तयार ठेवलं होतं. 'चालेल' एवढंच. चार बोटांचं अंतर. मी बोट हलवलं असतं तरी पुरलं असतं.

"ते घड्याळ जुळवलेलं आहे," मी म्हटलं. "मीच जुळवलं."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याने पिशवीतून घड्याळ काढलं, माझाच चिमटा घेतला, काटे काढले आणि डायलखाली पातं सरकवलं. डिंक सुटल्याचा बारीकसा आवाज झाला. त्याने डायल उलटी केली.

"डायल खरी आहे," तो हळूच म्हणाला.

"हो. तेवढी खरी आहे."

"पाय कुठे होते?"

मी टेबलावर पडलेला डिंकाचा कण नखाने खरवडत राहिले.

"आठवत असेल ना. अंदाजे तरी."

"मी मोजले नाहीत. खुणाही घासल्या."

तो डायल उजेडात धरून तिरकी करत राहिला. मागे नुसतं गुळगुळीत, चकचकीत पितळ. काम मी चांगलंच केलं होतं.

"म्हणजे आता कधीच कळणार नाही," तो म्हणाला.

"मला वाटलं... तुम्ही बोलाल. पान भरलं की बोलाल."

"बोललो ना," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. "तुम्ही सांगितलं नसतंत तर मला समजलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं."

त्याने मान हलवली. सुटे काटे एकेक करून कागदावर ठेवले, डायल माझ्याकडे सरकवली. वही काखेत घेऊन दारापर्यंत गेला.

"रागावलात?" मी विचारलं.

तो थांबला, नेहमीसारखा विचार करून बोलला. "नाही. रागावलो असतो तर पुन्हा आलो असतो, भांडायला तरी."

बाबा परत आले तेव्हा मी तशीच बसले होते. त्यांनी रिकामी खुर्ची बघितली.

"काय म्हणाला?"

"लग्नाचं विचारलं."

"मग?"

"मग मी त्याला घड्याळाचं सांगितलं."

बाबांनी पुढे पडलेली डायल उचलली, उलटी केली. त्यांना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी आपलं स्टूल उचलून माझ्या स्टुलाला लावलं, माझ्यासमोरचं एक बंद घड्याळ ओढून घेतलं आणि कामाला लागले. थोड्या वेळाने मीही चिमटा उचलला.