ओटीतले तांदूळ

"रिकामी उठू नकोस, नम्रता. पदर पुढे कर."

कोथरूडच्या त्या छोट्या कंपनीत प्रोग्रामर बायका दोघीच. सातव्या महिन्यात नम्रताने नोकरी सोडली, तेव्हा राधाताईंनी तिथेच, कॉम्प्युटरसमोर, तिची ओटी भरली. "यातले थोडे तांदूळ राखून ठेव. परत कामाला लागलीस, की तुझ्यासारखी जी उठून चालली असेल तिच्या ओटीत घाल. कबूल?"

"कबूल," नम्रता म्हणाली होती.

राधाताई पुढे वारल्या. तांदळाची पुरचुंडी मात्र देवघरात राहिली. नम्रताचे गुरुवार चुकले नाहीत, सांजवात चुकली नाही. चुकली ती नोकरीच. मुलगा दिग्विजय आठवीत गेला, तेव्हा कुठे २०१२च्या श्रावणात तिला हडपसरला एका आयटी पार्कात काम मिळालं. तीन महिन्यांच्या बोलीवर.

"तुम्ही सोडलंत तेव्हा मी सातवीत होतो," टीमचा प्रमुख अभिनव म्हणाला. "टेन्शन घेऊ नका, मॅडम. जुन्या वस्तूंना सध्या भाव आहे."

दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर होतं. त्यातून अधूनमधून एखादा पेशंट गळायचा. नाव नोंदलेलं, पण त्याला निरोपच जात नसे. भल्याभल्यांनी हात टेकले होते. आता ते काम नम्रताच्या गळ्यात पडलं. "हे सुटलं तर तुम्ही कायम," अभिनव म्हणाला. नाही सुटलं तर काय, ते त्याने सांगितलं नाही.

शेजारी सृष्टी बसायची. तिलाही सातवा लागला होता. "मी परत येईन म्हटलं, की सगळे नुसते हसतात हो," ती एकदा हळूच म्हणाली. "तुम्ही टिकलात ना, तर मला तुमचं उदाहरण देता येईल."

नम्रता मान खाली घालून काम करत राहिली. दोष सापडेना.

एके सकाळी झाडलोट करणाऱ्या शकूने हटकलं. "मॅडम, डबा जरा सांभाळून खा. रोज तुमच्याच टेबलावर तांदूळ. मुंग्या होतील."

"अगं, मी तर पोळीभाजी आणते. आणि तांदूळ कच्चे कोण खातं?"

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर आली. मजल्यावर कुणी नव्हतं. एसी बंद, तरी टेबलाची काच गार लागली. नव्या खणाच्या खळीचा वास येत होता.

कीबोर्डपुढे तांदूळ होते. सांडलेले नव्हते, मांडलेले होते.

सरळ ओळ. मधली एक जागा मोकळी. त्या जागेच्या लगेच मागचा दाणा कुंकवाने लाल. बाकी सगळे पांढरे.

नम्रताच्या अंगावर काटा आला. कोड अडला, की राधाताई डब्यातले चुरमुरे असेच ओळीने मांडायच्या आणि एकेक सरकवत म्हणायच्या, "मशीनसारखं मूर्ख होऊन बघ."

तिने बोट टेकवलं आणि मोकळ्या जागेमागचे दाणे एक घर पुढे सरकवले.

आणि तिला दिसलं.

कुणी अपॉइंटमेंट रद्द केली, की प्रोग्राम ते नाव काढी. मागची नावं पुढे सरकत. पण मोजणीही एक घर पुढे जाई. मोकळ्या जागेवर सरकून आलेलं नाव तपासायचं राहूनच जाई. जो उठून गेला, त्याच्या मागचा गळत होता.

शकू आली. तिने कुरकुरत फडकं फिरवलं आणि लाल दाण्यासकट सगळे तांदूळ कचऱ्यात टाकले. नम्रताने कोड उघडला.

दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. अभिनवने ती दोनदा चालवून पाहिली. "जुन्या वस्तूंबद्दल मी बोललो ते..."

"राहू दे. खरंच आहे ते," नम्रता म्हणाली.

सृष्टीच्या ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी नम्रताने पहाटे दिवा लावला, खण-नारळ पिशवीत घातला आणि पुरचुंडी पुढे घेतली. गाठ तिचीच होती, तेरा वर्षांपूर्वीची, आवळून बसलेली. दातांनी सोडवावी लागली.

आत तांदूळ निम्मेच उरले होते. एका ओटीपुरते.

वरचा एक दाणा लाल होता. तिने तो उचलला. बोटाला कुंकू लागलं. ओलं.

तिने तेच बोट कपाळाला टेकलं, पुरचुंडी पुन्हा बांधली आणि हडपसरची बस धरायला निघाली.